पाण्याच्या धन्याचा पाय

माझ्या सासऱ्याच्या पायाला नारू झालाय हे दिसलं तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं. भीती नंतर वाटली, आणि काळजी त्याच्याही नंतर. हे ऐकून ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी खुशाल मुरडावं. आधी त्याच्या, म्हणजे तोइंगारच्या, अंगणात माझ्यासारखी नऊ वर्षं काढावीत आणि मग मला शिकवायला यावं.

तोइंगार हा आमच्या बेदोया गावचा पाण्याचा धनी. गावाला मुखिया आहे, पण तो सरकारी कामापुरता. शारी नदीचा पूर ओसरला की मागे तळी उरतात. त्यातलं मोठं तळं कधी बांधायचं, म्हणजे बंद ठेवायचं, आणि कधी सोडायचं हे धनी ठरवतो. तळं बांधलं की कुणी त्यात जाळं टाकायचं नाही, घडा बुडवायचा नाही, पायसुद्धा धुवायचा नाही. पुढे ऊन तापून विहिरी तळाला जातात, लोकांचं मासळीवाचून अडायला लागतं, तेव्हा एका सकाळी धनी तळं सोडतो. आधी तो स्वतः आत उतरतो आणि एक ओंजळ पाणी पितो. त्याच्या मागून सगळं गाव उतरतं, बाया टोपल्या घेऊन, पुरुष भाले आणि जाळी घेऊन, आणि प्रत्येक जण ओंजळभर पाणी पिऊनच माशांना हात लावतो. नंतर गाळ खाली बसला की पाऊस येईपर्यंत गाव तेच पाणी पितं.

मी नेलूम, त्याच्या एकुलत्या एका मुलाची बायको. नवरा फौजेत आहे, लांब उत्तरेला, वाळूत. वर्षातून एकदा येतो, बापाच्या पाया पडतो, माझ्याकडून बापाच्या तक्रारी ऐकून घेतो आणि परत जातो. माझं माहेर कुम्रा. तिथे ना नदी ना तळं, आम्ही हापशावर वाढलेली माणसं. म्हणून मला पाण्यातलं काही कळत नाही असं तोइंगार चारचौघांत म्हणतो. मला एकच मूल, सोलकेम, आणि तीही मुलगी, हे सुद्धा तो चारचौघांत म्हणतो. माशाच्या गालाचं मऊ मांस मात्र तिच्यासाठी पानाखाली झाकून ठेवतो. ते चारचौघांत कधी करत नाही.

त्याचं आणि माझं खरं वाजलं ते नारूवरून. आरोग्य खात्याला प्रत्येक गावात एक माणूस हवा होता, लिहितावाचता येणारा आणि भांडायला न घाबरणारा. दुसऱ्या गोष्टीत माझा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. तेव्हापासून मी नारूची बाई. कुणाच्या पायाला फोड आलाय, कोण लंगडतंय, कुणाचा कुत्रा पाय चाटत बसतो, हे सगळं बघायचं. माशांची आतडी कुत्र्यांना घालू न देता पुरायला लावायची, कुत्री बांधून ठेवायला लावायची. आणि दर शुक्रवारी चिंचेच्या टेकाडावर जाऊन, जिथे फोनला आवाज येतो तिथे उभं राहून, वरच्या साहेबांना आकडा सांगायचा. बहुतेक वेळा आकडा शून्य असतो, पण शून्यसुद्धा सांगावं लागतं. न सांगितलं तर ते शून्य धरत नाहीत. गाव गप्प बसलंय असं धरतात, आणि आजारी गावापेक्षा गप्प गावाचा त्यांना जास्त संशय येतो. हे त्यांचं मला पटतं. मी पण माणसांच्या बाबतीत तसंच करते.

कुत्री बांधायला लावली तेव्हा तोइंगार सगळ्यांसमोर म्हणाला होता, "कुम्राची बाई आली आणि बेदोयाच्या कुत्र्यांना सासुरवास लागला." अजूनही लोक ते सांगून हसतात.

तर त्या वर्षी तळं बांधून बरेच दिवस झाले होते आणि सोडायला आठवडाभर राहिला होता. तोइंगार पायघोळ झगा घालायला लागला होता. घरात उघड्या अंगाने बसणारा माणूस सकाळपासून झग्यात. बसायचा तो पण भिंतीकडे पाय करून. आमचा कुत्रा साखळी ताणून त्याच्या दिशेने नाक फुरफुरवायचा. माणूस काय लपवतोय हे कळायला मला फार वेळ लागत नाही. मी हात धुवायचं पाणी द्यायच्या निमित्ताने खाली बसले आणि त्याच्या घोट्यावरची चिंधी ओढली.

घोट्याच्या जरा वर जखम होती, आणि तिच्या मधोमध पांढरा दोरा. शिजलेल्या शेवईसारखा.

"माशाचा काटा लागलाय," तो म्हणाला.

"काटा बाहेरून आत जातो, मामंजी. हा आतून बाहेर येतोय."

त्याने पाय ओढून घेतला. "बक्षीस मिळतं ना तुला, एक पाय दाखवला की? विक मग सासऱ्याचा पाय."

"तुमचा पाय फुकट दिला तरी कोणी घेणार नाही," मी म्हटलं आणि फोन घेऊन टेकाडाची वाट धरली.

वाटेत माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं आणि सुरुवातीचा सगळा आनंद उतरला. नारू झालेल्या पायाची आग होते. पाण्यात बुडवला की थंड वाटतं, आणि नेमकी तीच वेळ साधून आतला तो दोऱ्यासारखा किडा पाण्यात पिल्लं सोडतो. ती पिल्लं डोळ्याला न दिसणाऱ्या पाणकिड्यांच्या पोटात वाढतात. ते पाणी न गाळता जो पितो त्याच्या अंगातून वर्षभराने असाच दोरा निघतो. आणि हा माणूस आठवड्याने गावाच्या पिण्याच्या तळ्यात सगळ्यांच्या आधी पाय घालणार होता, तोही नगारे वाजवून.

बिशारा साहेब दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून आले. नदीच्या या काठावरची सगळी गावं त्यांच्याकडे. मऊ बोलणारा, दूरच्या आबेशे शहराकडचा माणूस, कितीही धूळ असली तरी पांढरे कपडे घालणारा. त्यांच्या काठावर गेली काही वर्षं शून्य होतं आणि पावसाळ्यानंतर राजधानीतून आणि परदेशातून मोठी मंडळी ते शून्य बघायला येणार होती. हे त्यांनी बोलून नाही दाखवलं. पण पाय बघितल्यावर ते जे खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

मग त्यांनी नेमाचे प्रश्न विचारले. फोड कधी फुटला? तोइंगार म्हणाला, काल. फुटल्यावर पाण्यात गेला होतात का? नदीत, तळ्यात, डबक्यात? तोइंगार म्हणाला, नाही.

या एका उत्तरावर सगळं अवलंबून होतं. पाय पाण्यात गेलेला नसेल तर रोग तिथल्या तिथे धरला असं मानतात. जखम बांधायची, दोरा रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळत काढायचा, माणसाला पाण्यापासून लांब ठेवायचं, झालं. पाय पाण्यात गेला असेल तर मात्र तळ्यात औषध टाकायचं, गावाला ते पाणी न गाळता तोंडाला लावू द्यायचं नाही आणि वर्षभर प्रत्येकाच्या पायावर नजर ठेवायची. बिशारा साहेबांनी मागे बसलेल्या केमतोकडे पाहिलं. केमतो तोइंगारच्या बहिणीचा मुलगा, त्याचा उजवा हात. तो म्हणाला, "मी सावलीसारखा बरोबर असतो, साहेब. मामा पाण्याजवळ गेलेले नाहीत."

साहेबांचं समाधान झालं नाही, की झालं नाही असं त्यांनी दाखवलं, कोण जाणे. तेव्हा तोइंगारने भाला मागवला. भाल्याचं लोखंड जिभेला लावून तो म्हणाला की हा पाय पाण्यात गेलेला नाही.

आमच्याकडे लोखंड जिभेला लावून कोणी खोटं बोलत नाही. बायकोशी खोटं बोलतील, कोर्टात बोलतील, पाद्र्यासमोर बोलतील. पण जे लोखंड पाण्यातून जेवण काढून देतं त्यावर नाही. साहेब आबेशेचे, त्यांना यातलं काय कळणार, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तोइंगार खडूस होता, उर्मट होता, माझं एक सुख त्याला बघवत नव्हतं, पण नऊ वर्षांत मी त्याला खोटं बोलताना पकडलेलं नव्हतं. चिंधीतला काटा सोडून.

साहेबांना त्याला सार शहरातल्या उपचार केंद्रात न्यायचं होतं. हे कळताच अंगणात इतकी माणसं जमली की कुंपण मोडलं. धनी नसेल तर तळं कोण सोडणार? मग तळं असंच आटू द्यायचं का? मुखिया घाम पुसत दोन्हीकडून होयहोय म्हणत होता. शेवटी तडजोड झाली. धनी घरीच राहणार, पाय बांधून, माझ्या ताब्यात. तळं सोडायच्या दिवशी तो काठावर खुर्चीत बसणार आणि त्याच्या जागी केमतो पाण्यात उतरणार. तळ्यात खबरदारी म्हणून औषध टाकायचं ते मासळी काढून झाल्यावर, कारण बांधलेल्या तळ्यात बाहेरचं काही टाकायचं नसतं.

या बदल्यात गावकऱ्यांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली. दर वर्षी मी त्या ओंजळीवरून भांडते. सगळ्यांच्या गळ्यात खात्याने दिलेली गाळणीची नळी अडकवलेली असते, तिने ओढून प्या, असं मी प्रत्येकाला ओरडून सांगते. ते म्हणतात, तळ्याच्या तोंडावर त्याचं पाणी गाळणं म्हणजे यजमानाच्या घरी भाकरी हुंगून बघण्यासारखं आहे. या वर्षी धनी तळ्यात उतरत नाहीये, म्हणाले, तेवढा नळीचा हट्ट तरी सोड. पाय पाण्यात गेलेला नव्हता. मी म्हटलं, सोडलं. नऊ वर्षांत मी या गावाला दिलेली ती एकुलती एक सूट.

पुढचे दिवस वाईट गेले. विहिरीवर बायका माझ्याशी बोलेनात. कुणीतरी नवीन विनोद काढला, "आधी कुत्री बांधली, आता सासरा बांधला." मी ज्या वाटेने जाई तिथे पोरं भुंकायची. रोज सकाळी मी बादलीत पाणी घेऊन तोइंगारसमोर बसायची, जखम भिजवायची आणि दोरा काडीवर वेटोळभर गुंडाळायची. बादलीतलं पाणी लांब कोरड्या मातीत ओतायची. ओढताना तो दात खाऊन म्हणायचा, "हळू. तुटला तर पाय सडेल."

"सडला तर तुमचा सडेल. मला कशाला सांगता?"

पण मी हळूच ओढायची. दोरा तुटला असता तर मला लाज वाटली असती, त्याच्यासाठी नाही, कामासाठी. सोलकेम शेजारी बसून बघायची. तिला त्या दोऱ्याची किळस नव्हती. आजोबांना दुखलं की ती त्यांच्या हातात शेंगदाणा ठेवायची आणि तोइंगार तो न बघता तोंडात टाकायचा.

तिन्हीसांजेला मात्र मला घरात बसावं लागे. तळं बांधलेलं असेपर्यंत दिवेलागणीला बायांनी दाराबाहेर पाय टाकायचा नाही. पुरुष तळ्यावर काय करतात ते विचारायचं नाही. माझी समजूत अशी की ज्वारीची दारू पितात आणि एकमेकांच्या बायकांना नावं ठेवतात. त्या वेळेपुरतं तोइंगारवर लक्ष ठेवायला मी केमतोला सांगितलं होतं. "काळजी करू नका, वहिनी," तो म्हणाला होता.

तळं सोडायचा दिवस उजाडला. शेजारच्या तीन गावांतून माणसं आली होती. काठावर टोपल्यांची रांग लागली होती. तोइंगारला निळा झगा घालून पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, पांढरं फडकं बांधलेला पाय पुढे करून. त्याच्या बाजूला मी उभी होते. सगळे माझ्याकडे रागाने बघत होते आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. मी जिंकले होते. पाय काठावर होता आणि पाणी सुरक्षित होतं.

केमतो भाला घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेला. त्याने धन्याची हाक दिली. मग वाकून ओंजळ भरायला लागला, तोच मुखियाची म्हातारी आई काठावरून बोलली. कान गेलेली बाई, त्यामुळे बोलते ते नदीपलीकडे ऐकू जातं. केमतो बहिणीचा मुलगा, ती म्हणाली. भाल्यापुरता ठीक आहे. पण पहिली ओंजळ धन्याच्या घरच्या रक्तानेच प्यायची असते. परक्या रक्ताने प्यायली तर तळं मासे देत नाही.

लोक आपापसात बोलायला लागले. केमतोने हातातलं पाणी सोडून दिलं. आता धन्याचा मुलगा तर उत्तरेला.

"नात आहे की," म्हातारी म्हणाली. "मुलगी असली म्हणून काय झालं? रक्त त्याचंच आहे."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, आता बघ म्हाताऱ्या. जिला तू 'तीही मुलगीच' म्हणतोस तिच्या ओंजळीने आज तुझं तळं सुटणार, आणि चार गावं बघणार. मी सोलकेमच्या गळ्यातली गाळणीची नळी काढून माझ्या हातात घेतली. ओंजळ नळीने प्यायची नव्हती, मी तसं कबूल केलं होतं. मी तिला पुढे केलं.

"ती नको," तोइंगार म्हणाला.

"का?" मी विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मुलगी आहे म्हणून?"

"नको म्हटलं ना."

"कारण सांगा, मामंजी. लोक थांबलेत."

खुर्चीचे दोन्ही हात त्याने धरले होते. पाण्यातून केमतो त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात काहीतरी होतं हे मला दिसलं. दिसलं, पण मी तेव्हा कुणाचं काही बघायच्या मनःस्थितीत नव्हते. म्हातारी म्हणाली, ऊन चढतंय. मी सोलकेमच्या पाठीवर हात ठेवला आणि ती धावत गेली. झगा एका हाताने वर धरून ती गुडघाभर पाण्यात गेली, झगा सोडला, दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

"थुंक!"

तो आवाज तोइंगारचा होता हे मला लगेच कळलंच नाही. मी त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. तो उभा राहिला, खुर्ची मागे पडली. "थुंक! थुंक ते आधी!"

सोलकेमने वळून आजोबांकडे बघितलं. गाल फुगलेले होते, म्हणजे पाणी तोंडातच होतं. तो लंगडत, हात उगारून तिच्याकडे येत होता, चेहरा वेडावाकडा. चार गावं तिच्याकडे बघत होती. ती घाबरली आणि तोंडातलं सगळं गिळून मोकळी झाली.

तोइंगार पाण्याच्या कडेला येऊन थांबला. फडकं चिखलात भिजायला आलं होतं. त्याने पाऊल पुढे टाकलं नाही. पाण्याचा धनी आपल्याच पाण्यात पाय टाकायला घाबरतोय हे तिथल्या सगळ्यांनी बघितलं, आणि टोपल्या घेऊन पुढे सरकलेल्या बाया एकेक करून मागे सरल्या. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

केमतोने सोलकेमला उचलून बाहेर आणलं. ती हमसून रडत होती. मी तिला मुखियाच्या सुनेकडे दिली आणि घरी न्यायला सांगितलं. मग मी तोइंगारसमोर गेले.

"कधीपासून?"

"तळं बांधलं तेव्हापासून." तो माझ्याकडे न बघता बोलला. "फोड त्याआधीच फुटला होता. रोज तिन्हीसांजेला धन्याला तळ्यात उतरून पीठ वाहावं लागतं. ते बायांना सांगायचं नसतं."

"पाय बांधल्यावरसुद्धा?"

"केमतो आधार द्यायचा. परत आलो की फडकं कोरडं बांधायचो." मग तो म्हणाला, "आग व्हायची. पाण्यात बरं वाटायचं."

म्हणजे पिल्लांना वाढायला हवा होता तेवढा वेळ मिळाला होता, आणि वर पुरून उरला होता. ज्या वेळी मी घरात बसून चूल फुंकत होते त्या वेळी रोज.

"आणि लोखंड?"

"बांधलेलं तळं सोडून कसं जाणार मी? सारला त्या खोलीत पडून राहिलो असतो तर तळं कुणी सोडलं असतं?" त्याचा आवाज चढला, सवयीने, आणि लगेच उतरला. "मला वाटलं, तुमची ती किड्याची गोष्ट निम्मी तरी खोटी असेल."

"आणि निम्मी खरी असली तर?" मी म्हटलं. "या सगळ्यांची पोरं पिणारच होती. तेव्हा ओरडला असता का?"

तो काही बोलला नाही. मी मुद्दाम थांबले, सगळ्यांना ते न बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. शेजारच्या गावातला एक जण जमिनीवर थुंकला. एका बाईने आपल्या पोराचं मनगट धरून त्याला काठापासून ओढत नेलं, जणू पाणी उडी मारून चावेल. मला वाटलं आता सगळे त्याच्यावर तुटून पडतील. पण मुखियाची आई, जिला कुणीतरी कानात ओरडून सगळं सांगितलं होतं, माझ्याकडे वळली.

"आणि तू गं? दर वर्षी नळी नळी करून डोकं खातेस. पोरीच्या गळ्यातली नळी आज कुणी काढली?"

नळी अजून माझ्या मुठीत होती. तोंडात आलेली शिवी मी गिळली. मी टेकाडावर गेले आणि बिशारा साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. पाय पाण्यात गेलाय, महिनाभर जातोय, एक मूल प्यायलंय, कुणाचं तेही सांगितलं. मग ते म्हणाले, "आपण दोघांनी लोखंडावर विश्वास ठेवला, नेलूमबाई." मी म्हटलं, तुम्हाला शून्य हवं होतं आणि मला तो खुर्चीत बसलेला हवा होता, लोखंडाला कशाला मध्ये आणता? त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही नाही. औषध घेऊन संध्याकाळपर्यंत येतो, असं ते शेवटी म्हणाले.

तळ्यात औषध पडलं. मासळी नंतर काढली, साहेबांच्या डोळ्यांदेखत, नगारे न वाजवता. ओंजळ कोणी प्यायली नाही. तोइंगारला सारला नेलं आणि दोरा पूर्ण निघाल्यावर परत आणून सोडलं. लोक त्याला अजून नमस्कार करतात, पण त्याच्या अंगणात कुणी बसायला येत नाही. माझ्याकडे तर आधीही कोणी येत नव्हतं.

नारू पोटात आहे की नाही हे कशानेच कळत नाही. रक्त तपासून कळत नाही, आणि असला तरी मारायला गोळी नाही. वर्ष जाऊ द्यायचं आणि पाय बघत राहायचं, एवढंच असतं. त्या ओंजळीत काही नसेलही. मी दर शुक्रवारी शून्य सांगते आणि सांगताना सोलकेमचा पाय आदल्या रात्री हात लावून बघितलेला असतो. डास चावलेल्या जागेने सुद्धा माझा जीव जातो.

सोलकेम आजोबांशी बोलत नाही. ती मुलगी होती आणि तिने तळ्याला हात लावला म्हणून आजोबा चार गावांसमोर तिच्या अंगावर धावून आले, असं ती धरून बसली आहे. मासे उशिरा निघाले ते पण आपल्यामुळेच, असं तिला वाटतं. एक दिवस तोइंगार माझ्या चुलीजवळ आला, जिथे तो नऊ वर्षांत कधी आला नव्हता, आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "तिला खरं काय ते सांग."

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

पण खरं सांगायचं तर तिच्या पायातून काय निघू शकतं आणि ते कुणी घातलं हेही सांगावं लागेल. तेवढा धीर त्याच्यात नाही. आणि त्याचं ओझं हलकं करायला मी कशाला तोंड उघडू? तो तिच्यासाठी अजून पानाखाली मासा झाकून ठेवतो आणि ती तो कुत्र्याला घालते. संध्याकाळी तो अंगणात तिच्या समोर बसतो आणि तिच्या पायांकडे बघत राहतो. ती पाय झग्याखाली ओढून घेते.